गिल्डमध्ये सतरा जण, मिथिकला लागतात वीस. काय करावं?

नाशिकची_ड्रुइड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, पण थोडक्यात सांगितलं तर प्रश्न कळणार नाही.

मी नाशिकला एका सहकारी बँकेत आहे, वय ४१. घरी दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. २०१६ पासून, म्हणजे लीजन हा भाग आला तेव्हापासून, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात एक छोटं गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, चालवते. सगळी मराठी माणसं: नाशिक, पुणे, मिरज, चिपळूण, तिघं आखातात. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, म्हणून आम्ही युरोपच्या सर्व्हरवर. बुधवार आणि रविवार, रात्री साडेनऊ ते बारा रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेक मोठा शत्रू, बॉस, मारायचा. मी हीलर, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारी. मुलगी नऊला झोपली की हेडफोन कानाला.

नियमित येणारे आम्ही सतरा. नॉर्मल आणि त्याहून अवघड हिरोइक रेडला दहापासून तीसपर्यंत कितीही माणसं चालतात. जितके आत गेले त्या मानाने बॉसची ताकद कमीजास्त होते. कुणाला रात्रपाळी लागली, कुणाकडे पाहुणे आले, तरी चौदा जणांत रेड निघते. याच सोयीवर आमचं गिल्ड टिकलंय. मिथिकला, म्हणजे सगळ्यांत अवघड पायरीला, मात्र वीस म्हणजे वीस. सतरा जण घेऊन गेलात तर बॉस तुमच्यासाठी तीन माणसांची सूट देत नाही.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तोच आमचा मुख्य टँक, म्हणजे बॉसचे फटके अंगावर घेणारा. त्याला आणि आणखी आठ जणांना पुढच्या सीझनला मिथिक करायचंय. त्याचं म्हणणं, "मावशी, आपण हिरोइकपाशीच थांबणार असू तर दर वर्षी तेच तेच करतोय." बाहेरून माणसं घेऊ, असा त्याचा प्रस्ताव. पण बाहेरचे म्हणजे युरोपातले. त्यांची रेड संध्याकाळी आठला सुरू होते, म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. सकाळी सातला डबा करणारी मी, किंवा आठला शाळेत हजर व्हावं लागणारे आमचे दोन शिक्षक, कुठून येणार?

दुसऱ्या बाजूला चिपळूणचे एक काका आहेत. वय ६३, सरकारी नोकरीतून निवृत्त. हंटर खेळतात, कारण त्यात चालता चालता बाण मारता येतात आणि हाताचा वेग कमी असला तरी निभतं. रोज दुपारी वनस्पती गोळा करतात आणि रविवारच्या आत सगळ्यांचे फ्लास्क (ताकद वाढवणारी औषधं) करून गिल्ड बँकेत ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही, पैसे घेत नाहीत. आणि मिरजेची एक निवासी डॉक्टर आहे. तीनातल्या एका रेडला येते, पण आली की तिच्या मेजइतकं (जादूगार पात्र) बॉसचं नुकसान कुणी करत नाही.

आता जे माझ्या हातून झालं ते सांगते. नेरुबार पॅलेसची शेवटची बॉस, क्वीन अन्सुरेक, हिरोइकवर आमच्याकडून नऊ आठवडे पडत नव्हती. एकशेचाळीसच्या आसपास वाइप, म्हणजे तितक्या वेळा सगळेच मेलो. तिसऱ्या टप्प्यात काका दर वेळी मरायचे. डिसेंबरात एका रविवारी पावणेबाराला सगळे दमलेले असताना मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, एवढ्या दोन प्रयत्नांना बाहेर बसता का?" ते म्हणाले, "चालेल, तुम्ही मारा, मी ऐकतो." पुढच्याच प्रयत्नात राणी पडली. सगळे ओरडले, काकाही ओरडले.

पुढच्या रविवारी फ्लास्क नेहमीसारखे बँकेत होते. काका नव्हते. त्यानंतरच्या दोन रविवारीही नाहीत.

मला भाच्याचंही पटतं आणि काकांशिवाय गिल्ड चालवायचीही इच्छा नाही. तुमच्यापैकी कुणी गिल्ड चालवलं असेल, किंवा दुसऱ्या खेळात हे कसं सांभाळतात ते पाहिलं असेल, तर मनापासून सांगा.

निशाचर_ठाणे

ताई, मी चाळिसांच्या काळातला. २००५ मध्ये ठाण्याहून खेळायला लागलो तेव्हा मोल्टन कोर या रेडला चाळीस माणसं लागायची. अर्धा वेळ लढाईत आणि अर्धा वेळ "अजून सहा जण यायचेत" यात जायचा.

तुमचा प्रश्न या खेळाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. जून २००६ मध्ये नॅक्सरामस ही रेड उघडली. चाळिसांची, आणि तोवरची सगळ्यांत अवघड. जानेवारी २००७ मध्ये खेळाचा पुढचा भाग, बर्निंग क्रुसेड, आला आणि ती मागे पडली. ज्यांनी ती पुरी केली ते अगदी मूठभर. मी तीन बॉस पाहिले आणि स्वतःला नशीबवान समजत होतो. एवढी मोठी वास्तू रचली आणि आत कुणी गेलंच नाही, हे रचणाऱ्यांनाही खुपलं असणार, कारण २००८ मध्ये रॅथ ऑफ द लिच किंग आलं तेव्हा तीच नॅक्सरामस त्यांनी दहा आणि पंचवीस जणांसाठी परत आणली. त्या वेळी आमच्या ओळखीतली माणसं, जी कधी रेडच्या वाटेलाही गेली नव्हती, ती तिथल्या शेवटच्या बॉसला, केल्थुझाडला, मारून आली.

तेव्हापासून पायऱ्या वाढत गेल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये रेड फाइंडर (अनोळखी लोकांशी आपोआप जुळवून देणारी सोपी रेड), २०१३ मध्ये फ्लेक्स (माणसं कमीजास्त चालणारी), २०१४ मध्ये वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनोरच्या वेळी आत्ताच्या चार पायऱ्या. मिथिक तेव्हाच विसावर पक्की झाली, कारण माणसं किती येणार हे ठरलेलं असलं की बॉसचा प्रत्येक फटका काटेकोर जुळवता येतो. कारण रास्त आहे. पण त्याचा परिणाम असा की पहिल्या तीन पायऱ्या अवघडपणाच्या आहेत आणि चौथी पायरी अवघडपणाबरोबर माणसं गोळा करण्याचीही आहे. तुमच्या सतरा जणांचं घोडं तिथे अडलंय.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक सुरू झालं, म्हणजे जुनाच खेळ जसाच्या तसा. मोल्टन कोर पहिल्या आठवड्याच्या आतच पडली! आमच्या वेळी त्याला महिने लागले होते. थोडं श्रेय माहितीचं आणि चांगल्या संगणकांचं आहे. पण मुख्य म्हणजे आम्ही ज्याला अवघड म्हणायचो ते बरंचसं चाळीस माणसं रात्री एका वेळी जमवणं होतं. लढाई तशी साधी होती.

सगळ्यांत चांगला तोडगा मला अजूनही आइसक्राउनचा वाटतो. २०१० मध्ये त्या रेडमध्ये सगळ्यांना ताकद, हीलिंग आणि जीव वाढवणारा एक बफ मिळायला लागला. सुरुवात ५ टक्के, मग काही काही आठवड्यांनी वाढत ३० टक्क्यांपर्यंत. ज्यांना तो नको त्यांना तो बंद करता यायचा. ज्यांनी आधी मारलं त्यांचा मान राहिला, आणि आमच्यासारख्यांनी उन्हाळ्यात लिच किंग पाडला. मी त्या रात्री रडलो होतो.

वेळेबद्दल एकच सांगतो. आम्हीही एकदा रेडची वेळ बाहेरच्यांसाठी पुढे ढकलली होती. तीन महिन्यांत जुन्यांपैकी चौघं उरले आणि बाहेरचे दुसऱ्या मोठ्या गिल्डमध्ये गेले. साडेनऊ ही वेळ सोडू नका. बाकी काहीही बदला.

खेळघडणकार

मी पुण्यात मोबाइल गेम्सचं डिझाइन करतो, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

ताई, तुम्ही काकांना "दुसऱ्या बाजूला" ठेवलंत, तिथे मी अडखळलो. काका रोज दुपारी वनस्पती गोळा करतात. तासांचा हिशोब केला तर ते तुमच्या भाच्यापेक्षा जास्त खेळत असतील. डॉक्टर मुलगी सगळ्यांत कमी खेळते आणि सगळ्यांत चांगलं खेळते. मग कॅज्युअल कोण आणि हार्डकोअर कोण?

एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये पहिलं मड, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा मजकुरावरचा खेळ, सुरू झालं. ते घडवणाऱ्या दोघांपैकी एक रिचर्ड बार्टल. त्याने १९९६ मध्ये एक लेख लिहिला, त्यात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काहीतरी मिळवू पाहणारे, शोधत हिंडणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यांवर मात करायला येणारे. आज त्यात हजार त्रुटी काढता येतील, पण त्यात "वेळ किती" हा निकषच नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. काका माणसांसाठी येतात. त्यांना सोपी रेड दिली म्हणून ते खूश होणार नाहीत, आणि बाहेर बसवलं म्हणून लूट गेल्याचं त्यांना दुःख झालेलं नाही.

आमच्या धंद्यात वेळ आणि कसब ह्यांची गल्लत सतत होते, कारण वेळ मोजायला सोपा. लीजनमधली आर्टिफॅक्ट पॉवर तुम्हाला आठवत असेल. शस्त्राची ताकद वाढतच राहायची आणि गोळा करण्याला धड मर्यादा नव्हती. परिणामी मिथिकवाले मॉ ऑफ सोल्स हे छोटं, पाच जणांचं डंजन रात्रंदिवस पुन्हा पुन्हा करत बसले. त्यांनाही ते नको होतं! पण शेजारचा करतो म्हटल्यावर थांबता येत नाही. ज्याला दोन तास मिळतात तो मागे पडला आणि ज्याला वीस तास मिळतात तो पिळला गेला.

याउलट आत्ताची ग्रेट व्हॉल्ट, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसाची पेटी, बघा. आठवड्यात एक डंजन केलं की एक पर्याय, चार केले की दुसरा, आठ केले की तिसरा, आणि शेवटी घ्यायची वस्तू एकच. पहिल्या डंजनला सगळ्यांत मोठा मोबदला, नवव्याला तिथे काहीच नाही. कमी वेळ असलेल्याला दारातून आत घेते आणि जास्त वेळ असलेल्याला "आता पुरे" म्हणते. ऑगस्ट २०२४ पासूनच्या डेल्व्हमध्येही तेच. एकटा माणूस खेळातल्या एका सोबत्याला घेऊन अकरा पायऱ्या चढू शकतो, आणि आठव्या पायरीपासून व्हॉल्टमध्ये हिरोइक रेडच्या तोडीचं गिअर (शस्त्रं-चिलखत) मिळतं. वेळ स्वतःच्या सोयीची, कस मात्र लागतोच. तुमच्या डॉक्टरसाठी ही फार चांगली गोष्ट आहे.

आणखी एक, मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी सांगतो ते. २००४ च्या चाचणीत या खेळात बराच वेळ खेळलं की अनुभवगुण निम्मे व्हायचे, म्हणजे लोकांनी थोडं थांबावं. लोक चिडले, त्यांना ती शिक्षा वाटली. मग गणित जवळजवळ तसंच ठेवून नाव बदललं: सराईमध्ये विश्रांती घेऊन आलात की दुप्पट, नंतर नेहमीचे. तक्रार संपली. आजही आपण तेच वापरतो. तुम्ही काकांना काय सांगितलंत यापेक्षा कोणत्या शब्दांत आणि केव्हा सांगितलंत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री पावणेबाराला सगळ्यांसमोर सांगणं आणि दुपारी फोन करून सांगणं यात गणित तेच असतं.

बेळगावचा_टँक

मला तुमच्या भाच्याच्या बाजूने बोलायचंय, कारण अशा धाग्यांवर आमच्याबद्दल बोलताना लोक गिअरची हाव, अहंकार असं काहीतरी धरून चालतात.

मिथिकचा बॉस तीन-तीनशे वेळा आपल्याला मारतो. कुणीही गिअरसाठी तीनशे वेळा मरत नाही. पन्नासाव्या प्रयत्नापर्यंत सगळा गोंधळ असतो. मग कुणीतरी वॉरक्राफ्ट लॉग्ज ही लढाईच्या नोंदींची साइट उघडून दाखवतं की सहाव्या मिनिटाला दोन हीलर एकाच वेळी मोठं कूलडाउन (एकदा वापरलं की बराच वेळ परत न मिळणारं कौशल्य) टाकतायत आणि आठव्या मिनिटाला कुणाकडेच काही उरत नाही. ते बदललं की पुढच्या रात्री बॉस दहा टक्के खाली येतो. वीस माणसं एकाच श्वासात हलतायत असं ज्या रात्री पहिल्यांदा वाटतं, तसं मला दुसरीकडे फक्त शाळेत लेझीम पथकात वाटलं होतं. तुमच्या भाच्याला ते हवंय. त्याचं वय आहे, परीक्षा संपल्यावर नोकरी लागेल आणि मग त्यालाही हे जमणार नाही.

सगळं सोपं करून टाकणं हा उपाय नाही. पण अवघड गोष्ट कुणाबरोबर करायची हेही महत्त्वाचं, हे मी मान्य करतो. डिसेंबर २०१० मध्ये कॅटॅक्लिझममध्ये हिरोइक डंजन एकदम अवघड केली. जानेवारीत सिस्टिम्सचा मुख्य डिझाइनर ग्रेग स्ट्रीट याने त्याचं समर्थन करणारा मोठा लेखही लिहिला. मला ती डंजन फार आवडायची, पण मी ती मित्रांबरोबर करायचो. बाकीचे डंजन फाइंडरमधून आलेल्या चार अनोळखी लोकांबरोबर करत होते, आणि पहिल्या वाइपला कुणीतरी निघून जायचं. खेळाचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते, ते २०११ संपेपर्यंत १ कोटी २ लाखांवर आले. त्याला इतरही कारणं असतील, पण मी स्वतः दोन मित्र असे जाताना पाहिले.

माझा सल्ला: भाच्याला जाऊ द्या. सतरांचं वीस करायला गेलात तर गिल्ड दोन्हींकडून फुटेल. त्याला युरोपातल्या तयार गिल्डमध्ये मिथिक खेळू दे, तो रात्री साडेबाराला जागा राहू शकतो. २०१८ पासून खेळात कम्युनिटी आहेत, गिल्ड वेगळं असलं तरी गप्पांचं दार उघडं राहतं. आणि नॉर्मल-हिरोइकला तो कुणाहीबरोबर येऊ शकतो, फक्त एका बॉसची लूट आठवड्यात एकदाच मिळते. म्हणजे रविवारी त्याला मावशीकडे यायला कुठलाच नियम आडवा येत नाही.

त्याला हे तुम्ही स्वतःहून सांगा. आम्ही जायचं ठरवतो तेव्हा महिनाभर अपराधी वाटत असतं.

यारा_काठची

मेलबर्नहून. मी फायनल फँटसी १४ खेळते, जानेवारी २०२२ मध्ये इथे मटेरिया डेटा सेंटर उघडलं तेव्हापासून नियमित. त्याआधी जपानच्या सर्व्हरवर होते.

आमच्याकडची एक व्यवस्था सांगते, ड्यूटी रूलेट. जुन्या खेळाडूला रोज ठरावीक बक्षीस हवं असेल तर त्याला खेळ सांगेल त्या जुन्या डंजनमध्ये जावं लागतं, आणि तिथे त्याची पातळी आपोआप खाली येते. एखादा नवखा पहिल्यांदा आला असेल तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस. त्यामुळे पडद्यावर "इथे कुणीतरी नवीन आहे" असं आलं की लोक खूश होतात. मी २०२२ मध्ये घाबरत घाबरत पहिल्यांदा हीलर म्हणून गेले, टँकला दोनदा मारलं, तरी तिघांनी थांबून समजावलं. ती माणसं चांगली होतीच, पण चांगलं वागण्यात त्यांचा तोटा होणार नाही अशी सोय खेळाने केलेली होती.

आठवड्याची मर्यादाही आहे: वरच्या दर्जाचे टोमस्टोन (गिअर घ्यायचं चलन) आठवड्याला ४५०, त्यापुढे कितीही खेळा, मिळत नाहीत. सॅव्हेज ही अवघड रेड आठ जणांची, त्यामुळे माणसं जमवणंही सोपं. आणि ज्यांना त्याहून अवघड हवं त्यांच्यासाठी २०१७ पासून अल्टिमेट आहेत. तिथे मिळतो तो किताब आणि झळाळणारं शस्त्र, लोक शहरात ते बघायला थांबतात.

दिग्दर्शक नाओकी योशिदा उघड म्हणतात की नवं काही नसेल तेव्हा वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा, आणि नवं आलं की परत या. मला मूल झालं तेव्हा मी सात महिने गेले होते. परत आले तर माझं घर गेलेलं होतं, कारण बरेच दिवस आत पाऊल न टाकलेलं घर खेळ काढून घेतो, हा नियम मात्र मला अजूनही कठोर वाटतो. पण माझी माणसं होती, आणि दोन आठवड्यांत मी त्यांच्याबरोबरीने खेळत होते.

ताई, काकांना फोन करा. मेसेज नको, फोनच.

मडगावची_मेस्मर

थोडक्यात. मी गिल्ड वॉर्स २ खेळते, २०१२ पासून. दर महिन्याची वर्गणी नाही, ८० च्या वर पातळी कधी गेली नाही, आणि त्या वर्षी केलेलं एक्झॉटिक गिअर आजही बहुतेक सगळीकडे चालतं. वर्षभर गेले तरी मागे पडत नाही. मात्र २०१५ मध्ये रेड आल्या तेव्हा आमच्याकडेही हेच भांडण झालं, कारण गिअरची शर्यत नसली तरी "तुला जमत नाही" हे वाक्य कुठल्याही खेळात लागतंच. गिअर सपाट केल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा आहे.

नाशिकची_ड्रुइड

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण आधी करायचं ते केलं.

काकांना शनिवारी दुपारी फोन केला. पहिल्यांदा माफी मागितली. ते म्हणाले, "बाहेर बसवलंस त्याचं काही नाही गं. मी आलो की तुला पुन्हा तेच सांगावं लागेल, आणि तुला ते जड जाईल, म्हणून आलो नाही." मला काही बोलताच येईना. मग त्यांनीच विषय बदलला. स्टोरी मोडमध्ये एकटेच, खेळातल्या सोबत्यांना घेऊन जाऊन राणीचा शेवट बघून आले होते. मग आमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून तिसऱ्या टप्प्यातली वर्तुळं कशी सरकतात ते वहीत काढलं होतं. फोटो पाठवला. चार रंगांच्या पेनांनी, सेकंदांसकट. नऊ आठवड्यांत आमच्यापैकी कुणीही एवढं केलं नव्हतं.

खेळघडणकार, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं. मी आठ वर्षं यादीत नावांपुढे "कॅज्युअल" आणि "कोअर" असं लिहीत आले. ते दोन्ही रकाने पुसले. त्याऐवजी प्रत्येकाला विचारलं: कुठल्या वारी येता येईल, आणि आल्यावर काय व्हावंसं वाटतं? सतरापैकी पाच जणांचं उत्तर माझ्या अंदाजाच्या पूर्ण उलट आलं. आमच्या एका शिक्षकांना मिथिकच हवी होती, फक्त वेळ नाही. आणि भाच्याबरोबरच्या आठ जणांपैकी तिघांना मिथिक नको होती. भाचा म्हणाला म्हणून ते हो म्हणाले होते.

ठरलं ते असं. वेळ साडेनऊच. रविवारी येईल तो आत, बॉस पडो न पडो. बुधवारी ज्या बॉसवर अडलोय त्याच्यावर नेटाने काम, आणि त्या रात्री कोण आत असेल ते मी दुपारी चारच्या आत प्रत्येकाला स्वतंत्र कळवणार. ऐन प्रयत्नांच्या मध्ये कुणालाही बाहेर काढायचं नाही. शिकण्याच्या रात्री जो होता तो मारण्याच्या रात्रीही असेल, मग आणखी दोन आठवडे लागले तरी चालतील. यावर दोघं नाराज आहेत, एक जण बहुधा जाईल. त्याला अडवलेलं नाही.

भाच्याला मीच सांगितलं की जा. बेळगावकर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. तो महिनाभर बोलायला कचरत होता. एका डॅनिश गिल्डमध्ये त्याची चाचणी चालू आहे. त्याने रविवारी येण्याचं कबूल केलंय, पण परीक्षा आणि तीन रात्रींची मिथिक यातून किती जमेल ते मला दिसतंच आहे, म्हणून त्याच्या भरवशावर राहत नाही.

काल रविवारी आम्ही पंधरा होतो. राणीवर पाच वेळा गेलो, चारदा मेलो. काका तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा मेले. पाचव्या वेळी डॉक्टरने त्यांना त्यांच्याच वहीतले आकडे मोठ्याने वाचून दाखवले, "काका, डावीकडे, आता थांबा, आता चला," आणि राणी पडली तेव्हा काका उभे होते. मी मेले होते.

आता टँक हवाय. बुधवार-रविवार, साडेनऊ ते बारा, भारतीय वेळ, युरोपचा सर्व्हर. मराठी समजलं पाहिजे, बाकी आम्ही शिकवू. कुणी असेल तर इथेच कळवा.